छत्रीच्या दोन दोऱ्या जप्त

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेली मंडळीही या. खांब कुठे पळून जात नाही. बुवांची रिक्षा अजून फुलेनगरच्या चौकात अडकलीय, पेटीवाले चहाला गेलेत, आणि रामजन्माला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. याच सोसायटीत, याच पत्र्याच्या शेडखाली घडलेली. हिच्यात एक मुलगी आभाळातून उडी मारते, एक गृहस्थ दोऱ्यांचा गुन्हा पकडतात, आणि प्रभू रामचंद्र कधी नव्हे ते सरळ निजतात. अगदी जवळ या, कारण ज्यांची गोष्ट आहे ते पहिल्या रांगेतच बसलेत. त्यांना ऐकू जायला नको.

आमचे रंगराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे पगारातून निवृत्त झाले, संशय चालूच राहिला. भाजीवाल्याचं तागडं उलटं करून खाली लोहचुंबक लावलाय का, हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी वांगी घेतली नाहीत. गॅसचा सिलिंडर आला की तो दारातच ताणकाट्याला लटकवायचा, आणि सिलिंडरवाल्यानं तोवर आकाशाकडे बघत उभं राहायचं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली तर गृहस्थ ती आधी तळहातावर झुलवणार. भक्ती मात्र निर्मळ, त्याबद्दल शंका नको. कीर्तन कुठेही असो, रंगराव पहिल्या रांगेत. फक्त एकदा बुवांनी 'कोटी सूर्यांचं तेज' म्हटल्यावर त्यांनी कीर्तनानंतर बुवांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "कोटी म्हणजे मोजून, की अंदाजे?"

या शेडमधला रामाचा पाळणा टांगायचं काम सोसायटीनं त्यांच्याकडेच दिलेलं. आता वर बघा. पत्रा कसा उतरता आहे, दिसतंय ना? पाऊसपाणी वाहून जावं म्हणून तो तसा घातलाय. रंगराव दरवर्षी पाळण्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या पोलादी टेपनं मोजून, सुताचाही फरक न ठेवता कापायचे. मग पाळणा टांगला, की तो दरवर्षी एका अंगाला कलायचा. रामराया घरंगळू नयेत म्हणून शेडमधल्या देवाचं सगळं बघणाऱ्या विमलाबाई पायथ्याशी पंचाची घडी घालायच्या, आणि कुणीतरी एक हात लावून उभं राहायचं. कुणी बोललंच तर रंगरावांचं उत्तर ठरलेलं : "दोऱ्या बरोबर आहेत. छप्पर चुकलंय."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर यांची एकुलती एक मुलगी कल्याणी. हिंजवडीला तेव्हा नुकत्या काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या, त्यातल्या एकीत तिला नोकरी. कंपनीनं वर्षभर ऑनसाइट म्हणून अमेरिकेला पाठवलं. बाकीची मुलं येताना चॉकलेटं आणि शांपू आणतात. हिनं सुटकेसमधून पॅराशूट आणलं. दर शनिवारी फोनवर "आई, मी जरा बाहेर जातेय" एवढंच सांगायची. बाहेर म्हणजे विमानाच्या बाहेर, हे रंगरावांना कळायला वर्ष लागलं.

"जुनं आहे, पण खात्रीचं आहे बाबा," कल्याणी म्हणाली.

रंगरावांना त्यातलं फक्त 'जुनं' ऐकू आलं. त्यांनी त्या वस्तूला पॅराशूट कधीच म्हटलं नाही. छत्री म्हणायचे, तीसुद्धा 'ती छत्री'.

त्या चैत्रात मध्य प्रदेशातल्या एका धावपट्टीवर उड्यांचं शिबिर होतं. रामनवमी गुरुवारी, शिबिर शनिवारी. तिथल्या उड्या झाल्या की कल्याणीला परवाना मिळायचा. हुकलं की पुढचं शिबिर थेट पुढल्या वर्षी. अट एकच. छत्री अधिकृत तपासनिसाकडून तपासून आणायची. पुण्यात असा माणूस कोण, तर कॅम्पातल्या कमरजहांबाई. परदेशी जाऊन परीक्षा देऊन आलेल्या, पॅराशूट तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सलवार-कमीजवर पुरुषी घड्याळ, आणि बोलणं अस्सल पुणेरी.

छत्री पसरायला जागा हवी, म्हणून सोसायटीचा हॉल मागितला. चेअरमन रावसाहेब नियमावर बोट ठेवून बसले. हॉलच्या वापराचे दोनच प्रकार: मंगलकार्य आणि इतर. 'इतर' म्हणजे तेराव्यापर्यंत सगळं. छत्रीला यांतलं काय लावायचं, यावर कमिटीची सभा झाली. शेवटी रंगरावांच्या पत्नी शालनताई ठणकावून म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या जिवाची तपासणी आहे. 'इतर' म्हणाल तर याद राखा." तेव्हा ते मंगलकार्य ठरलं, आणि विमलाबाईंनी दाराला आंब्याचा डहाळा लावला.

कमरजहांबाईंनी छत्रीचं कापड एका टोकाला पसरलं आणि दोऱ्या हॉलभर ताणल्या. मग जपमाळ ओढावी तशी एकेक दोरी चिमटीतून सरकवत निघाल्या. मध्येच थांबल्या.

"हे बघा. लव आलीय. छत्री उघडताना खाली सरकणारं कापड इथे दर वेळी घासतं." आणखी पुढे जाऊन त्यांनी दोन दोऱ्या जवळजवळ धरल्या. "आणि या सुकाणूच्या. घासून तापतात, तापून आखडतात. डावी उजवीपेक्षा जास्त आखडलीय."

"म्हणून मी सारखी एकीकडे ओढली जात होते!" कल्याणी म्हणाली, आणि तेही असं आनंदानं, की जणू कोडं सुटलं.

रंगरावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"सगळ्या दोऱ्या बदलायच्या," कमरजहांबाई म्हणाल्या. "ठिगळं लावत बसायचं काम नाही हे."

आता हे वाक्य रंगरावांनी आयुष्यभर ऐकलेलं. मिक्सरवाला हेच म्हणतो, छपराचा माणूस हेच म्हणतो, दातांचा डॉक्टर तर हेच म्हणतो. एक बिघडलंय, सगळं बदला. त्यांनी घसा साफ केला. "बाई, आपला शिक्का वगैरे काही...?"

कमरजहांबाईंनी पिशवीतून तपासनिसाचा शिक्का काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "वाचता येतोय ना? की चष्मापण तपासून देऊ?"

हॉलमध्ये लोक हसले. रंगरावांनी शिक्का उलटासुलटा करून परत दिला. हातात वजन पडलं होतं, पण मन हलकं झालं नव्हतं.

मग सल्ल्यांना ऊत आला. रावसाहेब म्हणाले, "एवढ्या लांबून कशाला मागवता? मार्केट यार्डात पोती शिवायची सुतळी नको, पण बांधायची नायलॉनची दोरी बघा. बटाट्याचं पोतं पेलते, तर कल्याणी काय!" विमलाबाईंनी विचारलं, "जरा कमी उंचीवरून उडी मारली तर चालत नाही का गं?" कुणीतरी म्हणालं, विमानतळाच्या इतक्या जवळ राहून मुलगी विमानात बसते हे ठीक, पण पूर्ण प्रवासाचं तिकीट काढून मधेच उतरायचं हे काही हिशेबात बसत नाही. रंगराव सगळ्यांचं ऐकून घेत. रात्री जेवताना मात्र शालनताईंना म्हणाले, "ती बाई आणि दोरीची कंपनी मिळालेले असणार."

"अहो, तुम्हाला संशय नाही आलाय," शालनताई भात वाढत म्हणाल्या. "तुम्हाला भीती वाटतेय. आयुष्यभर पहिल्यालाच ओळखता, म्हणून दुसरीलाही तेच नाव देताय."

रंगरावांनी ताटाकडे बघितलं. भात जरा कमी वाढलाय, एवढंच म्हणाले.

नव्या दोऱ्यांचं पार्सल रामनवमीच्या आदल्या सोमवारी आलं. कल्याणीचा ऑफिसातून फोन : "बाबा, पार्सल उघडू नका. गुरुवारी सुट्टी आहे, कमरजहांमावशी येऊन घेऊन जातील आणि शुक्रवारी बसवून देतील." वजनमापे खात्याच्या माणसाला 'उघडू नका' सांगणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कळायला हवं होतं.

रंगरावांनी उघडलं. आत पांढऱ्याशुभ्र दोऱ्यांच्या गुंडाळ्या. जाडी म्हणाल तर शिसपेन्सिलीतल्या शिशाइतकी. ते बघत राहिले. पायजम्याची नाडी याहून भरदार होती. आणि याला आपली पोर टांगून घेणार! त्यांनी दिवाणखान्यातली गणपतीची तसबीर उतरवून ठेवली, खिळ्याला दोरी अडकवून ओढून बघितली. दोरी तुटली नाही; खिळा आला. तेवढ्यानं संशय फिटतो असं नाही. खिळाही कच्चा असू शकतो.

मग त्यांनी पोलादी टेप काढली. एका गुंडाळीतून एक दोरी काढून मोजली. दुसऱ्या गुंडाळीतून दुसरी. आणि खुर्चीत बसले.

दुसरी दोरी पहिलीपेक्षा चांगली वीतभर लांब होती!

एका पाकिटात दोन मापं. रंगरावांच्या अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. बाकीच्या दोऱ्या मोजाव्यात असं तुम्हाआम्हाला वाटलं असतं. पण त्यांच्या खात्याची रीत अशी, की दुकानात एक वजन खोटं सापडलं की उरलेली तपासत बसायची नाहीत, आधी जप्ती. त्यांनी त्या दोन दोऱ्या जप्त केल्या. लाल फडक्यात गुंडाळल्या, बाकीचं पार्सल होतं तसं बंद केलं, आणि ठरवलं: गुरुवारी ती बाई येईल, कीर्तन संपल्यावर चारचौघांसमोर पदर... म्हणजे ओढणी पकडायची नाही, शब्दात पकडायचं.

पण त्याआधी गुन्हा कायद्यात बसवायला हवा. मंगळवारी सकाळी रंगराव इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता हिंदुराव, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. टेबलावर कॉम्प्युटर. शिपायानं रंगरावांना ओळखलं नाही आणि बाकावर बसवलं. हा तोच बाक, ज्यावर त्यांनी वर्षानुवर्षं व्यापाऱ्यांना वाळत घातलं होतं. त्याचा एक पाय आखूड आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"या साहेब! बोला," हिंदुरावानं शेवटी आत बोलावलं. हकीकत ऐकून माउस इकडेतिकडे फिरवला. "वस्तू कुठल्या सदरात घालू? दोरी म्हणून विकली की छत्री म्हणून?"

"छत्रीची दोरी."

"छत्रीला दोरी नसते साहेब, काड्या असतात."

"हवाई छत्री!"

"हवाई..." हिंदुराव पडद्यावर शोधत राहिला. "हवाई चप्पल आहे. तेवढंच आहे." मग तो आदरानं पुढे झुकला. "साहेब, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. सदर नाही, तर गुन्हा नाही. चहा घेणार?"

आपलंच वाक्य आपल्याला बशीतून परत मिळाल्यावर माणूस काय करणार? रंगरावांनी चहा घेतला. कप अर्धाच होता. त्याबद्दलही ते बोलले नाहीत, यावरून घाव किती खोल होता ते ओळखा.

आता प्रश्न, मुद्देमाल ठेवायचा कुठे? घरात कल्याणीच्या हाती लागेल. सुरक्षित जागा एकच : या शेडमधलं देवाचं कपाट. एक किल्ली रंगरावांकडे, दुसरी विमलाबाईंकडे. त्यांनी लाल पुडकं समयांच्या मागे ठेवलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

गुरुवार उजाडला. इथेच, अशीच गर्दी. तुळशीच्या माळा, सुंठवड्याचा वास, आणि सकाळी सकाळी विमलाबाईंची किंकाळी. पाळण्याच्या सुती दोऱ्या उंदरांनी खाल्लेल्या! रंगराव बुवांना आणायला स्टँडवर गेलेले. विमलाबाईंनी कपाट उघडलं, उपरणी हलवली, समया हलवल्या, आणि मागे काय? लाल फडक्यात जपून ठेवलेल्या दोन पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या दोऱ्या.

विमलाबाईंचे डोळे भरून आले. "बघा," त्या बायकांना म्हणाल्या, "वर्षभर तोंड वाकडं करून फिरतो हा माणूस, पण रामासाठी गुपचूप नवी दोरी आणून ठेवली. भक्ती दाखवायची नसते, ती अशी." आणि त्यांनी पाळणा टांगला. मोजलं काही नाही. पत्र्याचा जो कोपरा खाली, तिकडे आखूड दोरी. जो वर, तिकडे लांब. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी बांधलं, वर झेंडूचं तोरण गुंडाळलं.

रंगराव बुवांना घेऊन आले ते थेट पहिल्या रांगेत बसले. आख्यान रंगलं. बारा वाजले, बुवांनी झांज उंचावली, "जन्मला हो!" झालं, गुलाल उडाला, रामराया पाळण्यात गेले. बायका पाळणा म्हणायला लागल्या. रंगरावांनी हात जोडून वर बघितलं.

पाळणा सरळ होता. पंचाची घडी नाही, कुणाचा आधाराचा हात नाही. पाण्याची पातळी धरावी तसा सरळ. इतक्या वर्षांत प्रथमच रामराया घरंगळत नव्हते. रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पुसून त्यांनी नीट बघितलं, तोरणाच्या फटीतून. आणि ते पाणी वाटेतच आटलं.

त्याच वेळी शेडच्या दारातून कल्याणी आत आली. चेहरा पांढराफटक. मागे पार्सल काखेत मारून कमरजहांबाई. गर्दीतून वाट काढत कल्याणी बाबांच्या कानाशी आली. "बाबा, सेटमध्ये दोन दोऱ्या कमी आहेत. पार्सल कुणी उघडलं?"

रंगरावांनी बोट वर केलं.

कल्याणीनं वर पाहिलं. "बाबा! मला त्यांना लटकून उतरायचंय! परवा!"

"हळू बोल. जन्म झालाय."

"उतरवा त्या!"

"पाळण्यातला राम उतरवू? आत्ता?" विमलाबाई गाता गाता कडाडल्या, पाळण्याच्या चालीतच. बुवांनी ताल न सोडता डोळे मोठे केले. रावसाहेब म्हणाले, हनुमान जयंतीपर्यंत पाळणा जागचा हलत नाही असा सोसायटीचा ठराव आहे.

कल्याणी बाबांच्या शेजारी खाली बसली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, जगात सगळ्यांवर संशय घ्या. माझ्यावर का?"

तुझ्यावर नव्हे गं, हे सांगायला रंगरावांनी तोंड उघडलं, तर बाहेर आलं भलतंच. ते कमरजहांबाईंकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "या बाईंना विचार! एकाच पाकिटात दोन मापं! एक दोरी वीतभर आखूड! मी स्वतः मोजलीय!"

पाळण्याचं गाणं थांबलं. सगळे कमरजहांबाईंकडे बघू लागले. त्यांनी विमलाबाईंच्या हातून सुंठवडा घेतला, तोंडात टाकला, आणि मान वर करून बराच वेळ पाळण्याकडे बघितलं.

"साहेब, पाळणा तर मस्त सरळ राहिलाय. कसा काय?"

"त्यात काय?" रंगराव फणकारले. "छप्पर उतरतं आहे. मग खालच्या बाजूला आखूड दोरी, वरच्या बाजूला लांब. सारख्या लावल्या तर कलणारच..."

आणि तिथे ते थांबले.

"हां," कमरजहांबाई म्हणाल्या. "छत्रीचं कापडपण वर तिरकंच असतं. पुढच्या दोऱ्या आखूड, मागच्या लांब. फक्त डाव्याला उजवी जुळली पाहिजे. ते मोजलंत?"

पत्र्यावर कावळा चालला, तो सगळ्यांना ऐकू आला. मग बुवाच आधी हसले. त्यांच्या मागून पेटी, मागून सगळा रामजन्म. रंगराव आपल्या पोलादी टेपसारखे आत आत गुंडाळत गेले.

"दोऱ्या बरोबर आहेत," ते पुटपुटले. नेहमीचंच वाक्य, पण पुढचा भाग त्यांना म्हणवेना.

"आता नाहीत," कमरजहांबाई म्हणाल्या. "गाठ बसलेली, गुलाल लागलेला दोर मी छत्रीला लावणार नाही. त्या रामाला राहू द्या. माझ्याकडे याच दोरीचं रीळ आहे, दोन नव्या करते. पण दुसरं टोक धरायला माणूस लागेल. ज्याचा हात हलत नाही असा." त्यांनी कल्याणीकडे बघितलं नाही. रंगरावांकडे बघितलं.

दुपारभर सोसायटीच्या हॉलमध्ये तेच चाललं. दोरी आतून पोकळ असते. तिचं टोक तिच्याच पोटात ओवायचं आणि वर आडवीतिडवी शिवण मारायची. मोजताना तिला ठरावीक ताण द्यावा लागतो, म्हणून बाईंनी टोकाला वजन टांगलं. रंगरावांनी वजनाकडे बघितलं. बाईंनी रंगरावांकडे.

"जा, घेऊन या तुमचं," त्या म्हणाल्या.

रंगराव घरी जाऊन कपाटातली आपली पितळी वजनं आणि तागडी घेऊन आले. एका पारड्यात बाईंचं वजन ठेवलं, दुसऱ्यात आपलं. काटा मधोमध. "बरोबर आहे," ते म्हणाले. दारात सुंठवड्याची ताटली घेऊन उभ्या शालनताईंच्या हातून चमचा पडला. दुसऱ्याच्या वजनाबद्दल हे दोन शब्द त्यांनी लग्नापासून ऐकले नव्हते.

मग त्यांनी उरलेल्या सगळ्या दोऱ्या मोजल्या, डावी आणि उजवी, एकेक जोडी. बाई बसवत गेल्या, ते टोक धरत गेले. कल्याणी आधी लांब भिंतीला बसली होती. उन्हं कलली तशी जवळ आली, आणि टेपचं दुसरं टोक तिनं धरलं. बाप-लेकीत बोलणं आकड्यांचंच झालं. पण आकडे जुळत होते.

शनिवारी रंगराव फोनजवळून हलले नाहीत. फोन लागतोय ना, हे बघायला त्यांनी रावसाहेबांना दोनदा फोन करायला लावला. शेवटी तो वाजला.

"बाबा, उतरले."

रंगरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या अंगाला ओढत होती का?"

"नाही हो. नाकासमोर."

त्यांनी फोन ठेवला, आणि शालनताईंना म्हणाले, "भीतीच होती गं." त्यानंतर भात किती वाढलाय ते त्यांनी बघितलं नाही.

तर मंडळी, ही गोष्ट. ती बघा, बुवांची रिक्षा आली. आणि ते बघा आमचे रंगराव, तीर्थाची पळी गेल्या वर्षीपेक्षा उथळ आहे का बघतायत, तेवढं चालायचंच. वर पाळणा सरळ आहे. रावसाहेब पाहुण्यांना सांगतात की त्यांनी छप्पर दुरुस्त करून घेतलं; छप्पर आहे तिथेच आहे. झेंडूच्या मागे अजून त्याच दोन दोऱ्या आहेत, एक आखूड, एक लांब. मघापासून कल्याणी त्यांच्या गाठी तपासतेय, बापासारखी डोळे बारीक करून.

कमरजहांबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. दर रामनवमीला न चुकता यायच्या, दाराशी उभ्या राहून वर एक नजर टाकायच्या, मूठभर सुंठवडा घ्यायच्या आणि कामाला निघून जायच्या. आज बारा वाजता पाळण्याची दोरी तुमच्या हाती येईल. रामाचं नाव तर घ्यालच. एक झोका द्याल तेवढ्यात त्या बाईंचीही आठवण काढा.